चुकलेली पाटी काढू नका, शेजारी दुसरी लावा

अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्याची राजधानी डेन्व्हर. तिथल्या विधानभवनाच्या पश्चिमेकडच्या पायऱ्यांवर 'समुद्रसपाटीपासून एक मैल' ही खूण तीन ठिकाणी आहे. पंधराव्या पायरीवर ती दगडातच कोरलेली आहे. १९६९ मध्ये कोलोरॅडो स्टेट युनिव्हर्सिटीच्या विद्यार्थ्यांनी पुन्हा मोजणी केली, तेव्हा ५,२८० फुटांची, म्हणजे एक मैलाची, उंची अठराव्या पायरीवर भरली. म्हणून तिथे धातूची चकती बसवली. पुढे उंची मोजण्याचा शास्त्रीय आधारच बदलला आणि २००३ मध्ये तेराव्या पायरीवर तिसरी खूण आली. नवी खूण लावताना आधीची कोणी उखडली नाही. या राजधानीला 'माइल हाय सिटी' म्हणतात, त्यामुळे तिथे जाणारे पाहुणे, मुलांकडे गेलेले आपले आईवडीलसुद्धा, त्या पायऱ्यांवर हमखास फोटो काढतात. यातली खरी पायरी कोणती, असे कोणी विचारले तर उत्तरात मोजणीचा सगळा इतिहास येतो: आधी काय समजत होतो, मग काय कळले, आता काय मानतो.

फुटांच्या बाबतीत या शहराने जे सहज केले, ते माणसांच्या बाबतीत करायला त्याला शंभर वर्षांहून जास्त काळ लागला आणि अजूनही ते पुरते जमलेले नाही. माझे म्हणणे एवढेच आहे की ऐतिहासिक फलकावरची चूक तशीच ठेवू नये आणि गुपचूप काढूनही टाकू नये. तशीच ठेवली तर ती खरी मानली जाते. काढून टाकली तर ती कोणी, कधी, कशासाठी लिहिली हेच पुसले जाते आणि शहर निर्दोष दिसू लागते. आपल्याकडे सातबाऱ्यावर जुने नाव कंसात ठेवून फेरफाराचा क्रमांक टाकतात, म्हणून जमीन कोणाकडून कोणाकडे गेली ते पन्नास वर्षांनीही वाचता येते. सार्वजनिक स्मृतीची नोंद अशीच असावी.

डेन्व्हरच्या सुरुवातीची गोष्ट साधारण अशी सांगतात. १८५८ मध्ये जॉर्जियाहून आलेल्या ग्रीन रसेलच्या टोळीला लिटल ड्राय क्रीकमध्ये थोडे सोने सापडले. चेरी क्रीक जिथे साउथ प्लॅट नदीला मिळते, तिथे पश्चिमेला ऑरेरिया ही वस्ती उभी राहिली. पूर्वेला सेंट चार्ल्स नावाच्या वस्तीची आखणी झाली होती. नोव्हेंबरमध्ये विल्यम लॅरिमर आला, त्याने ती जागा बळकावली आणि कॅन्सस प्रांताचे गव्हर्नर जेम्स डेन्व्हर यांची मर्जी राखायला त्यांचे नाव वस्तीला दिले. डेन्व्हर यांनी तोवर राजीनामा दिलेला होता, पण बातमी इतक्या दूर पोचायची होती. पुढच्या एप्रिलमध्ये विल्यम बायर्सने 'रॉकी माउंटन न्यूज' हे वर्तमानपत्र काढले. त्याची कचेरी नंतर चेरी क्रीकच्या कोरड्या पात्रातच खांबांवर उभी राहिली, म्हणजे दोन भांडखोर वस्त्यांपैकी एकीचाही शिक्का नको. १८६४ च्या मे महिन्यातल्या पुराने छापखान्यासकट ती वाहून नेली.

गोष्ट रंगतदार आहे आणि खोटी नाही. पण ती १८५८ ला सुरू होते, हीच तिची पहिली चूक. १८५१ च्या फोर्ट लॅरमी करारात अमेरिकेच्या सरकारनेच मान्य केले होते की नॉर्थ प्लॅट आणि आर्कान्सा या नद्यांमधला हा सगळा मुलूख शायान आणि अरापाहो या आदिवासी लोकांचा आहे. दोन नद्यांच्या त्या संगमावर अरापाहोंचे तळ पडत. त्यांचा प्रमुख लिटल रेव्हन याने आलेल्या गोऱ्यांशी स्नेहाने व्यवहार केला, हे त्या गोऱ्यांनीच लिहून ठेवले आहे. आज संगमाजवळ त्याच्या नावाचा रस्ता आहे. मात्र 'पहिले घर', 'पहिले हॉटेल', 'पहिली शाळा' अशी मोजणी करणारे बहुतेक फलक आपली घड्याळे सोने सापडल्यापासून लावतात. जागा रिकामी होती असे कुठेही लिहिलेले नसते, वाचणाऱ्याचा समज मात्र तसाच होतो.

विधानभवनाच्या पूर्वेच्या हिरवळीवर प्रेस्टन पॉवर्स यांचे एक ब्राँझ शिल्प आहे: मरून पडलेल्या गव्यावर पाय ठेवून उभा असलेला आदिवासी शिकारी. १८९३ च्या शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात ते मांडले होते, मग इथे आले. त्याचे शीर्षक 'मावळते युग' अशा अर्थाचे आहे. शिल्प देखणे आहे. पण ते बसवले तेव्हा शायान आणि अरापाहो जिवंत होते. फक्त त्यांना कोलोरॅडोबाहेर हाकलून दिलेले होते. पलीकडे कोलफॅक्स आणि ब्रॉडवेच्या कोपऱ्यावर फ्रेडरिक मॅकमॉनीज यांचे १९११ चे पायोनियर स्मारक आहे, पश्चिमेला येणाऱ्यांच्या स्मोकी हिल वाटेचा शेवट दाखवणारे. शिल्पकाराच्या पहिल्या आराखड्यात सर्वात वर घोड्यावरचा आदिवासी होता. नागरिकांनी एवढा गदारोळ केला की तो उतरवून त्याजागी वाटाड्या किट कार्सन बसवला. २०२० च्या जूनमध्ये, जॉर्ज फ्लॉइड या कृष्णवर्णीयाच्या पोलिसांच्या हातून झालेल्या मृत्यूनंतरच्या निदर्शनांच्या काळात, शहराने तो कार्सन खाली घेतला. म्हणजे माथ्यावर कोण बसणार, हा वाद त्या स्मारकाला आजचा नाही. तो स्मारक उभे राहण्याआधीपासून आहे, आणि हेच तिथल्या फलकावर लिहायला हवे. पुतळे ही पवित्र, कायमची वस्तू असल्याचा आव आणणाऱ्यांना तेवढी एक गोष्ट पुरेशी आहे.

आता या सगळ्याच्या मुळाशी असलेल्या प्रसंगाकडे येतो.

२९ नोव्हेंबर १८६४. डेन्व्हरच्या आग्नेयेला पावणेतीनशे किलोमीटरच्या आसपास, सँड क्रीकच्या काठी ब्लॅक केटल या शायान प्रमुखाची छावणी होती, सोबत अरापाहोही. दोनच महिने आधी, २८ सप्टेंबरला, ब्लॅक केटल आणि व्हाइट अँटिलोप डेन्व्हरच्या कॅम्प वेल्डमध्ये येऊन गव्हर्नर जॉन इव्हान्स आणि कर्नल जॉन शिव्हिंग्टन यांना भेटले होते, तह मागत. फोर्ट लायनच्या लष्कराच्या आश्रयाला गेलात तर सुरक्षित राहाल, अशा समजुतीने ते परतले. शिव्हिंग्टनने कोलोरॅडोच्या पहिल्या आणि तिसऱ्या पलटणीचे सुमारे पावणेसातशे स्वार घेऊन पहाटे त्याच छावणीवर हल्ला केला. ब्लॅक केटलने अमेरिकेचा झेंडा आणि पांढरे निशाण वर केले होते. मेले ते २३० च्या वर, त्यात बहुसंख्य बायका, मुले, म्हातारी माणसे. व्हाइट अँटिलोप तिथेच मारला गेला. प्रेतांची विटंबना झाली. डिसेंबरात स्वार डेन्व्हरला परतले तेव्हा रस्त्यांवर त्यांचे स्वागत झाले आणि कापून आणलेले अवयव नाटकगृहात प्रेक्षकांना दाखवण्यात आले. बायर्सच्या 'रॉकी माउंटन न्यूज'ने हा पराक्रम म्हणून छापला.

पहिल्या पलटणीचा कॅप्टन सायलस सोल याने आपल्या तुकडीला गोळी झाडू दिली नाही. त्याने आणि लेफ्टनंट जोसेफ क्रेमर याने फोर्ट लायनचा आधीचा प्रमुख मेजर विन्कूप याला पत्रे लिहून पाहिलेले सगळे कळवले. १८६५ च्या फेब्रुवारीत सोलने चौकशीत शिव्हिंग्टनविरुद्ध साक्ष दिली. २३ एप्रिलला डेन्व्हरच्या रस्त्यात त्याला गोळी घालून मारले. लग्न होऊन महिनाही झाला नव्हता. मारेकऱ्यावर खटला उभाच राहिला नाही. काँग्रेसच्या, म्हणजे अमेरिकेच्या संसदेच्या, समितीने हल्ल्याचा कठोर निषेध केला, इव्हान्सला पद सोडावे लागले. शिव्हिंग्टन लष्करातून आधीच बाहेर पडला होता, त्याला शिक्षा झाली नाही.

हे इतक्या तपशिलाने सांगतो आहे, कारण 'आजच्या मापाने कालच्या माणसांना तोलू नका' हा आक्षेप जिथेतिथे ऐकू येतो. सँड क्रीकला तो लागू होत नाही. सोल कालचाच माणूस होता, त्याच पलटणीतला, त्याच शहरातला. १८६५ मध्ये वॉशिंग्टनला जे कळत होते ते समजायला आपल्याला एकविसावे शतक लागत नाही. उलट नंतरच्या पिढीने ते जाणूनबुजून विसरले. १९०९ मध्ये विधानभवनाच्या पश्चिम अंगाला अमेरिकेच्या यादवी युद्धातल्या कोलोरॅडोच्या सैनिकांचे स्मारक उभारले, वर ब्राँझचा सैनिक आणि खाली लढायांची यादी. त्या यादीत 'सँड क्रीक' होते. चव्वेचाळीस वर्षांपूर्वी ज्याला सरकारी चौकशीने कत्तल ठरवले, ते दगडावर लढाई म्हणून गेले.

१९९८ मध्ये विधिमंडळाने ठराव केला की यादीतून सँड क्रीकचे नाव काढावे. हेतू भला होता. वाटले असेल, वंशज समाधान मानतील. पण शायान वंशज आणि काही इतिहासकार डेन्व्हरला आले आणि म्हणाले, नाव काढू नका. ते काढले तर तिथे काही घडले होते याची एवढी एक सार्वजनिक खूणही जाईल. खोटे राहू द्या आणि ते खोटे का आहे ते शेजारी लिहा. विधिमंडळाने ऐकले. पुढच्या वर्षी नवा ठराव झाला आणि २९ नोव्हेंबर २००२ रोजी स्मारकापाशी दुसरा फलक लागला. त्यात छावणी शांततेत होती हे आहे, कत्तल हा शब्द आहे, आणि स्मारक उभारणाऱ्यांनी घटनेचे खरे रूप बदलून सांगितले, हेही स्पष्ट नोंदवले आहे. राज्याने आपल्याच दगडाविरुद्ध दिलेली ही लेखी साक्ष होती. मला डेन्व्हरमधल्या कुठल्याही पुतळ्यापेक्षा तो फलक मोलाचा वाटतो. ज्यांच्या पूर्वजांना मारले गेले त्यांनी मिटवण्याचा नव्हे, तर वाढवण्याचा मार्ग सुचवला; आणि तो सुचवण्याचा त्यांच्याइतका अधिकार दुसऱ्या कोणाला नव्हता.

२५ जून २०२० च्या पहाटे काही जणांनी तो ब्राँझचा सैनिक खाली पाडला. पुतळा पुढे राज्याच्या इतिहास संग्रहालयात गेला. त्या महिन्यातला राग मी समजू शकतो. पण त्या स्मारकापुरते हे पाडणे मला चूक वाटते, आणि तसे म्हणताना मी सैनिकाची बाजू घेत नाही. १९०९ चा दगड आणि २००२ चा फलक मिळून एक संवाद झाला होता, वंशजांनी मेहनतीने घडवलेला. पाडणाऱ्यांनी त्यातला एक आवाज काढून घेतला, आणि त्यांना तसे करायला वंशजांनी सांगितले नव्हते.

याचा अर्थ प्रत्येक पुतळा जागेवर राहावा, असा नाही. पाटी माहिती देते, पुतळा मान देतो. माणसाला उंच चौथऱ्यावर बसवले की खाली लिहिलेला खुलासा कोणी वाचत नाही. म्हणून मान काढून घेता यावा, माहिती काढून घेऊ नये. पर्वताचे नाव हाही मानच. डेन्व्हरहून दिसणाऱ्या १४ हजार फुटांहून उंच शिखराला १८९५ मध्ये इव्हान्सचे नाव दिले होते. २०२३ च्या सप्टेंबरमध्ये ते माउंट ब्लू स्काय झाले. ते योग्यच झाले. मात्र त्या वाटेवरच्या फलकांवर जुने नाव, ते कोणाचे होते आणि का गेले, एवढे कायम असायला हवे. इव्हान्सने १८६४ मध्ये नागरिकांना 'शत्रू' आदिवासींना मारण्याची आणि त्यांची मालमत्ता घेण्याची मुभा देणारा जाहीरनामा काढला होता. तो औपचारिकपणे मागे घ्यायला २०२१ चा ऑगस्ट उजाडला. इतका उशीर झाला, हीसुद्धा पुढच्या पिढीला सांगण्यासारखी माहिती आहे.

दुसरे उदाहरण शहराच्या जुन्या बाजारपेठेतले, लोअर डाउनटाउनमधले. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी, अध्यक्षीय निवडणूक दोन दिवसांवर असताना, सुमारे तीन हजारांच्या जमावाने तिथली चिनी वस्ती उद्ध्वस्त केली. लुक यंग या धोब्याला मारले. शेकडो चिन्यांना जीव वाचवायला तुरुंगात ठेवावे लागले. नुकसानभरपाई कोणाला मिळाली नाही. दोनच वर्षांत चिन्यांना देशात यायला बंदी करणारा कायदा आला. ब्लेक स्ट्रीट आणि विसाव्या रस्त्याच्या परिसरात या घटनेचा फलक बऱ्याच उशिरा, १९९० च्या दशकात लागला. त्याच्या शीर्षकात अफूच्या बोलीभाषेतल्या नावावरून पडलेले गल्लीचे नाव होते आणि पुढे '१८८० ची चिनी दंगल'. वाचणाऱ्याला वाटावे, दंगल चिन्यांनी केली. चिन्यांना वाचवणाऱ्या गोऱ्यांची नावे फलकावर होती, मेलेल्या लुक यंगचे नव्हते.

लावणाऱ्यांच्या मनात वाईट नसावे. त्यांनी एक विसरलेला प्रसंग रस्त्यावर आणला, हे श्रेय त्यांचे. पण मजकूर ठरवताना खोलीत कोण होते, हे अशा फलकावरून ताबडतोब कळते. एप्रिल २०२२ मध्ये महापौर मायकेल हॅनकॉक यांनी शहराच्या वतीने माफी मागितली आणि ऑगस्टमध्ये तो फलक उतरवला गेला. इथे मी माझ्याच नियमाला अपवाद करतो का? मेलेल्यालाच आरोपी ठरवणारे शीर्षक त्याच्या मरणाच्या जागी ठेवण्यात अर्थ नाही, ते उतरवायलाच हवे होते. पण नव्या मजकुराच्या पोटात एक ओळ जुन्या फलकाबद्दलही असावी: इथे एवढी वर्षे एक फलक होता, त्यात अमुक लिहिले होते, ते आम्ही अमुक साली काढले. धातूचा पत्रा गेला तरी नोंद जाऊ नये.

डेन्व्हरने खऱ्या इमारतींचे काय केले, हेही पाहायला हवे. कारण फलक पुष्कळदा इमारतीऐवजी मिळतो. १८८१ चे टेबर ऑपेरा हाउस १९६४ मध्ये पाडले. त्यापाठोपाठ स्कायलाइन नावाच्या शहर-नूतनीकरणात मध्यवस्तीचा जुना भाग ब्लॉकच्या ब्लॉक सपाट झाला आणि पुष्कळ जागा वर्षानुवर्षे गाड्या लावण्यासाठी पडून राहिल्या. १९११ चा डॅनियल्स अँड फिशर दुकानाचा मनोरा तेवढा वाचला, दुकान गेले. डेना क्रॉफर्ड या बाईंनी १९६५ पासून लॅरिमर स्ट्रीटचा एक ब्लॉक हट्टाने विकत घेत वाचवला नसता, तर एकोणिसाव्या शतकातले डेन्व्हर कसे दिसत होते ते पाहायला आज फार थोडी जागा उरली असती.

मला त्याहून जास्त सलतो तो ऑरेरियाचा प्रश्न. शहराची ही सर्वात जुनी वस्ती विसाव्या शतकात मुख्यतः मेक्सिकन-अमेरिकन कुटुंबांची झाली होती. सेंट कॅजेटन हे त्यांचे १९२६ चे चर्च. १९६५ च्या पुराने वस्ती खिळखिळी केली, १९६९ मध्ये मतदारांनी खर्चासाठीच्या कर्जरोख्यांना मंजुरी दिली आणि तीन उच्चशिक्षण संस्थांच्या एकत्र आवारासाठी ३०० हून अधिक कुटुंबांना घरे सोडावी लागली. चर्चची वास्तू राहिली. नाइन्थ स्ट्रीटवरची व्हिक्टोरियन घरेही इतिहासप्रेमींनी वाचवली आणि आज ती फार सुंदर राखलेली आहेत. पण ती ओळखली जातात ती बहुधा पहिल्या मालकांच्या नावांनी: नाइट यांचे घर, विटे यांचे घर, स्मेडली यांचे १८७२ चे घर. त्या स्मेडली घरात गोन्झालेझ कुटुंबाचे कासा मायान हे रेस्तराँ वस्ती उठेपर्यंत चालत होते. तिथे शहरभरची माणसे जेवायला यायची. भिंती वाचवल्या आणि भिंतीतली माणसे हलवली, ही जतनाची अर्धी बाजू झाली. विस्थापितांच्या नातवंडांना तिथे शिष्यवृत्ती मिळते, हे चांगलेच आहे. तरीही प्रत्येक दारावर दोन तारखा हव्यात: घर बांधल्याची आणि शेवटचे कुटुंब बाहेर पडल्याची.

फलकांची गर्दी होईल, वाचणार कोण, असेही म्हणतात. वाचतात. सायलस सोल जिथे पडला, त्या पंधराव्या रस्त्याच्या आणि अरापाहो स्ट्रीटच्या कोपऱ्यावर त्याच्या नावाचा फलक आहे. दरवर्षी नोव्हेंबरमध्ये शायान आणि अरापाहो तरुण सँड क्रीकहून डेन्व्हरपर्यंत स्मृतिदौड काढतात आणि त्या कोपऱ्यावर थांबतात. सोल आणि क्रेमर यांची पत्रे २००० साली पुन्हा उजेडात आली, ती काँग्रेसमध्ये वाचली गेली आणि त्याच वर्षी सँड क्रीक राष्ट्रीय स्मृतिस्थळाचा कायदा झाला. लिहून ठेवलेले वाचले जाते, कधी कधी सव्वाशेहून जास्त वर्षांनी.

याच शहरात डाउनिंग स्ट्रीट हा मोठा रस्ता आहे. जेकब डाउनिंग सँड क्रीकच्या हल्ल्यात मेजर होता. रोज हजारो माणसे हे नाव पत्त्यात लिहितात, त्यातल्या बहुतेकांना तो कोण होता हे माहीत नसेल. तिथे एक फलक लावणे सोपे आहे. अवघड आहे ते मजकूर कोणी ठरवायचा हे. ज्यांचा पहिला हक्क, ते शायान आणि अरापाहो आज कोलोरॅडोत नाहीत, कारण १८६४ नंतर त्यांना इथे राहूच दिले नाही. एक शाखा ओक्लाहोमात आहे, उत्तरेकडचे शायान माँटानात, उत्तरेकडचे अरापाहो वायोमिंगच्या विंड रिव्हरमध्ये. डेन्व्हरमध्ये सुनावणी ठेवून 'सर्वांना खुली' असे जाहीर केले की नेमके तेच लोक शेकडो मैल दूर राहतात. शहराच्या समितीने स्वतःच्या खर्चाने त्या तिन्ही ठिकाणी जावे, तिथल्या वडीलधाऱ्यांसमोर मजकुराचा मसुदा ठेवावा, आणि त्यांनी खोडून परत दिला तर पुन्हा लिहून घेऊन जावे.